हाती दिवा, डोक्यात हिशेब

मैत्रिणींनो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या रांगा आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक शांत बाई. शाळेत मलाही तेवढंच ठाऊक होतं. पुढे महिला मंडळाच्या कामानिमित्त रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत म्हणून जाणं सुरू झालं, आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या बायका पाहिल्या, तेव्हा तिच्याबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं. दिवा हा तिच्या कामाचा अगदी छोटा भाग होता हो!

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. गावावरूनच मुलीचं नाव ठेवलं. घर गडगंज श्रीमंत, इंग्लंडमध्ये दोन मोठाले वाडे, नोकरचाकर. वडील हौशी, त्यांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला त्यातून गणिताचं भारी वेड. आईचं स्वप्न मात्र आपल्याकडच्या आयांसारखंच, चांगलं स्थळ बघून मुलीला उजवायची. १८३७ मध्ये, सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला मनापासून वाटलं. ती सेवा म्हणजे रुग्णसेवा, हे उमगायला आणखी काही वर्षं गेली. घरात सांगितलं तेव्हा आकांत झाला. कारण त्या काळी इंग्लंडातसुद्धा रुग्णालयात काम करणारी बाई म्हणजे अडाणी, दारू पिणारी, अशीच समजूत होती. मिल्न्स नावाच्या एका कवी-खासदाराने तिच्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिलाही तो आवडत होता, तरी १८४९ मध्ये तिने नकार दिला. मग आईचा संताप, बहिणीचं रडणं. अखेर १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या कैसरस्वर्थ इथे तिला तीन महिने शिकायला मिळालं. तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी किती वर्षांचं भांडण!

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली. पगार नाही, वडील वर्षाला पाचशे पौंड देत. तिथे तिने काय मागितलं ठाऊक आहे? प्रत्येक मजल्यावर गरम पाणी, जेवण वर न्यायला एक छोटी लिफ्ट, आणि कोणत्या रुग्णाने घंटी वाजवली हे नर्सला लगेच दिसेल अशी घंटी. नर्सची निम्मी शक्ती जिने चढण्या-उतरण्यात गेली तर रुग्णाजवळ थांबणार कोण, हा साधा हिशेब.

पुढच्या वर्षी क्रिमियाचं युद्ध भडकलं. जखमी सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून आले आणि मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी तिला पाठवायचं ठरवलं. ३८ स्त्रियांना घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीला पोहोचली. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. तिने वाद घातला नाही, डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय वॉर्डात हात लावायचा नाही असं आपल्या नर्सना बजावलं. काहीच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन थडकले आणि डॉक्टरांनाच बोलवावं लागलं.

तिथलं तिचं काम बघा. एक घर भाड्याने घेऊन पाण्याचे बंब बसवले, सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याचं काम दिलं. अत्यवस्थ रुग्णांना पचेल असं पेज-सूप वेगळ्या चुलीवर शिजू लागलं. पाय कापण्याची शस्त्रक्रिया सगळ्या वॉर्डादेखत चालायची, शेजारच्या खाटेवरचा आपली पाळी येणार म्हणून ते बघत पडलेला असायचा. तिने मध्ये आडोशाला पडदे आणवले. ज्यांची प्रकृती जास्त गंभीर, त्यांना नर्सच्या नजरेजवळ ठेवायचं ही तिचीच रीत असं नर्सिंगच्या पुस्तकांत सांगतात, आणि आजच्या आयसीयूचं मूळ तिथे दाखवतात. मरणाऱ्यांच्या घरी पत्रंही तीच लिहायची.

आता एक गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हती. हे सगळं करूनही त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले चाळीसच्या वर रुग्ण दगावत होते, आणि तेही जखमांपेक्षा हगवण, पटकी, तापाने. इमारतीच्या खालून तुंबलेली गटारं वाहत होती. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण दोन-तीनवर आलं. परत आल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने सगळे आकडे मांडले. ते गोल, रंगीत पाकळ्यांचे तक्ते १८५८ मध्ये छापले गेले, म्हणजे आकडे वाचायला कंटाळणाऱ्या मंत्र्यांनाही एका नजरेत कळावं. आपल्या डोळ्यांदेखत गेलेल्या हजारो पोरांचा असा हिशेब मांडायला काय काळीज लागलं असेल! मला तर दिव्यापेक्षा तिची ही वही मोठी वाटते. (त्याच युद्धात स्वतःच्या खर्चाने गेलेल्या जमैकाच्या मेरी सीकोल यांची आठवण मात्र फार कमी जणांना असते. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.)

क्रिमियातच १८५५ मध्ये तिला जबर ताप आला होता. १८५७ नंतर तर ती वर्षानुवर्षं अंथरुणालाच खिळली. छातीत धडधड, धाप, पाठदुखी. तो जनावरांच्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस असावा असं आता अभ्यासक मानतात. म्हणजे नर्सिंगवरचं तिचं गाजलेलं पुस्तक, जे १८५९ च्या अखेरीस आलं, ते स्वतः रुग्ण असलेल्या बाईने लिहिलंय. आणि ते नर्ससाठी कमी, घरात आजारी माणसाचं करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या बायकांसाठी जास्त. रुग्णाच्या दाराशी कुजबुजू नये, कारण तो कान देऊन ऐकतो आणि मनाने नाही ते जोडतो. पाठीमागे उभं राहून बोलू नये. काही होत नाही हो तुम्हाला, अशी पोकळ उमेद देऊ नये. आपण बाहेर जाणार असू तर किती वाजता येऊ हे सांगून जावं आणि आपल्यामागे काम कोण बघेल ते ठरवून जावं.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला ओळखीतल्या एका काकूंचं बायपास आठवलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण पुढे काय करायचं हे आधी कुणी सांगितलंच नाही. छातीचं हाड कापून जोडलेलं, खोकला आला की काकू घाबरून तो दाबून धरायच्या. कफ साचत चालला. घरची मंडळी काचेच्या दाराबाहेर कुजबुजत उभी, आणि काकूंना वाटलं, आपलं काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला आलेल्या एका सिस्टरने उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवलं. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावला. हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाण्याची बादली उचलायची नाही, पायाची शीर काढलीय तिथे सूज किंवा पू दिसला तर लगेच यायचं, हे सुनेला समोर बसवून सांगितलं. दहा मिनिटं लागली असतील.

फ्लॉरेन्सने नेमकं हेच काम घरोघर नेलं. लोकांनी दिलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. कष्टकऱ्यांसाठी पुस्तकाची स्वस्त आवृत्ती १८६१ मध्ये काढली, तान्ह्या बाळाची काळजी कशी घ्यावी हे प्रकरण जोडून. आणि १८९२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, बकिंगहॅमशायरच्या खेड्यांत घरी जाऊन आयांना आरोग्य शिकवणाऱ्या बायका तयार करवल्या. आपल्या आशाताईंची आठवण येते की नाही?

भारतात ती कधीच आली नाही, पण इथल्या सैन्याच्या आरोग्याबद्दलचा १८६३ चा मोठा अहवाल तिच्या मेहनतीचा. इथल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ जण मरत होते. सैनिकांपासून सुरुवात करून ती खेड्यांतल्या पाण्यापर्यंत, दुष्काळापर्यंत आणि शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता, आणि बेहरामजी मलबारींच्या चरित्राला तिची प्रस्तावना आहे.

शेवटी तिची दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, तेव्हा ती ८७ वर्षांची होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजा-राण्यांच्या शेजारी दफन करण्याची तयारी होती, पण तिच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नको म्हटलं. ईस्ट वेलो या खेड्यात आई-वडिलांजवळ तिला ठेवलं. दगडावर पूर्ण नावसुद्धा नाही, नावाची दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची नोंद.