काचेच्या पेटीतली पिकली पानं

लेकाच्या हट्टापायी आमच्या बुलडाण्याच्या घरी फिशटँक आला. त्यातली पाणवनस्पती वर्षभरात इतकी माजली की मासे दिसेनात. हिरवंगार आहे, कशाला कापायचं, असं मीच म्हणत राहिले. एका सकाळी दोन मासे मरून तरंगत होते. तळाशी कुजक्या पानांचा थर होता. लेक दिवसभर जेवला नाही. मग मी वाचायला घेतलं आणि रॉबर्ट वॉरिंग्टन भेटले.

हे इंग्लंडचे रसायनतज्ज्ञ. जन्म १८०७ चा. १८२२ साली, म्हणजे कोवळ्या वयातच, ते एका रसायन शिकवणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. पुढे बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८४२ पासून त्यांनी औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत काम केलं.

त्या काळी माशांचं पाणी सारखं बदलावं लागे. वॉरिंग्टननी मोठ्या काचपात्रात वाळू-माती घालून व्हॅलिस्नेरिया लावलं आणि दोन गोल्डफिश सोडले. (बारावीच्या पुस्तकात पाण्यातल्या परागीभवनासाठी हीच वनस्पती येते.) दिवसा पानं प्राणवायू सोडतात, तो माशांना मिळतो. थोडे दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, मासे धोक्यात आले. वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी नितळ झालं. १८५० साली त्यांनी हे सोसायटीपुढे मांडलं. आजच्या मत्स्यपेटीचा पाया तो हाच.

म्हणजे नुसती हिरवाई पुरत नाही बरं का! रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात आणि कुजणारी पानंसुद्धा तो खातात. माझे मासे गेले ते यामुळेच असावेत.

आता मी दर रविवारी स्वच्छ कात्री घेऊन बसते. व्हॅलिस्नेरियाचं पिवळं पान बुडापासून काढते, कारण मधूनच कापलं तर टोक तपकिरी पडतं. हायड्रिलासारख्या लांब दांड्याच्या रोपाचे शेंडे खुडते, तेच परत रोवता येतात. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काही कापत नाही. तरंगणारे तुकडे लगेच गाळून घेते. ते विहिरीत-तलावात टाकू नका हं, तिथं माजतील. वाळवून कुंडीत घाला.

वॉरिंग्टन १८६७ साली वारले. त्यांचा मुलगा शेतीचा रसायनतज्ज्ञ झाला. नात कॅथरीन हिने १९२३ साली दाखवून दिलं, की वनस्पतीला बोरॉन लागतंच. आपल्याकडे कपाशीवर बोरॉन फवारतात ना, त्यामागे या बाईंचं काम आहे.

आमच्या पेटीत आता नवे मासे आहेत. पिकलं पान वेळेवर काढायचं काम लेकानं स्वतःकडे घेतलंय.