यंत्राच्या पोटात डोकावणारा गणिती

अ‍ॅलन ट्युरिंगचे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला दोनदा येते. एकदा संगणनशास्त्राच्या पेपरात ‘ट्युरिंग यंत्र’ म्हणून, आणि दुसऱ्यांदा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धड्यात ‘ट्युरिंग कसोटी’ म्हणून. दोन्ही वेळा तो कागदावरचाच माणूस राहतो. चित्रपटामुळे अलीकडे त्याची तिसरी ओळख झाली आहे, ती युद्धातले गुप्त संदेश फोडणाऱ्या विक्षिप्त माणसाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मात्र त्याचे नाव सहसा कोणी काढत नाही. मी तिथे शिकवतो, आणि मला तो आठवतो तो नेमका तिथेच. मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला जेटॅगच्या वायरी जोडायच्या, चालता प्रोग्रॅम मधेच थांबवायचा आणि चिपच्या पोटात काय चालले आहे ते पाहायचे, या आमच्या रोजच्या उद्योगाचे मूळ शोधू लागलो की वाट याच माणसाच्या दारावरून जाते.

त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण घराणे हिंदुस्थानशी चांगलेच बांधलेले होते. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आई सारा हिचा जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, आणि तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य इंजिनियर. थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. इकडची हवा मुलांना मानवणार नाही म्हणून दोघा भावांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका निवृत्त लष्करी कुटुंबाकडे ठेवून आईबाप इकडे परतत. साहेबी नोकरीची ही किंमत साहेबांच्या पोरांनी मोजली, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

१९२६ मध्ये तो शेरबोर्नच्या शाळेत दाखल झाला. शाळा उघडण्याच्या दिवसांतच इंग्लंडभर सार्वत्रिक संप पुकारला गेला आणि आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांच्या या पोराने साउदॅम्प्टनहून सायकल हाणत सुमारे साठ मैल कापले आणि शाळा गाठली. शाळेत त्याचे अक्षर गलिच्छ, वही डागाळलेली आणि शिक्षक त्रस्त. ख्रिस्तोफर मॉरकॉम हा विज्ञानवेडा मित्र त्याला तिथे मिळाला आणि फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने गेलाही. त्यानंतर केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, आणि १९३५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिथली फेलोशिप.

१९३६ चा त्याचा निबंध हा सगळ्याचा पाया आहे. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरवणारी एखादी ठोकळेबाज रीत असू शकेल काय, असा हिल्बर्टचा प्रश्न होता. ट्युरिंगने आधी ‘रीत’ म्हणजे काय हेच बांधून काढले. चौकटी आखलेली एक लांब पट्टी, तिच्यावर चिन्हे, आणि ती वाचणारे एक यंत्र. यंत्राला मोजक्याच अवस्था. अमुक अवस्थेत अमुक चिन्ह दिसले तर काय लिहायचे, कोणत्या बाजूला सरकायचे आणि पुढची अवस्था कोणती, याचा एक तक्ता. बस्स, एवढेच. मग त्याने असे एक सार्वत्रिक यंत्र मांडले की ज्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा तक्ता पट्टीवर लिहून दिला तर ते त्याची हुबेहूब नक्कल करील. आणि शेवटी दाखवले की यंत्राचा तक्ता नुसता वाचून त्याचे पुढे काय होणार हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. प्रोग्रॅम थांबेल की फिरतच राहील हा आजचा प्रसिद्ध प्रश्न याच निबंधातून निघाला.

माझ्या मते या निकालाचा अर्थ आपण वर्गात अर्धाच सांगतो. असंभव काय, ते सिद्ध झाले, असे म्हणून आपण फळा पुसतो. पण दुसरा अर्धा भाग व्यवहाराचा आहे. प्रत्येक प्रोग्रॅमचे भविष्य बाहेरून सांगणारा ज्योतिषी मिळणार नसेल, तर यंत्र चालवून, थांबवून, आत डोकावून पाहण्याची सोय करावीच लागेल. जेटॅग ही तशीच सोय.

तिची हकीकत थोडक्यात अशी. १९८० नंतर बोर्डांवरचे थर वाढले, चिपच्या पिना एकमेकींना इतक्या खेटल्या की तपासणीची सुई टेकवायला जागा उरेना. तेव्हा १९८५ मध्ये काही कंपन्यांच्या इंजिनियरांनी एक गट स्थापला. त्याच्याच आद्याक्षरांवरून जेटॅग हे नाव आले, आणि १९९० मध्ये आय-ट्रिपल-ई संस्थेने ११४९.१ या क्रमांकाचे मानक मंजूर केले. मूळ हेतू डाग नीट लागले आहेत की नाहीत ते पाहण्याचा. पण चिपमध्ये शिरायला दार मिळाल्यावर प्रोसेसर बनवणाऱ्यांनी त्याच दाराने प्रोग्रॅम तपासायला सुरुवात केली.

दाराला चार वायरी पुरतात: टी.सी.के. हा ठोका, टी.एम.एस. ही निवड, टी.डी.आय. ही आत जाणारी वाट आणि टी.डी.ओ. ही बाहेर येणारी. शिवाय ग्राउंड, आणि बोर्ड किती व्होल्टवर चालतो हे जोडणीच्या उपकरणाला कळावे म्हणून आणखी एक. चिपच्या आत एक छोटे नियंत्रक यंत्र बसलेले असते. त्याला नेमक्या १६ अवस्था. प्रत्येक ठोक्याला ते टी.एम.एस.वरचा एक अंक, शून्य किंवा एक, वाचते आणि तक्त्याप्रमाणे पुढच्या अवस्थेत जाते. आकृती समोर ठेवून पाहा. १९३६ च्या निबंधातला तक्ताच तो, फक्त मागेपुढे सरकणारी पट्टी नाही. या तक्त्याची एक खुबी मला फार आवडते. यंत्र कोणत्याही अवस्थेत हरवलेले असो, टी.एम.एस. ‘एक’वर ठेवून पाच ठोके द्या, ते आरंभाच्या अवस्थेत परत येतेच. सोळाही अवस्था बोटाने मोजून विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे.

जोडणी झाल्यावर घाईने प्रोग्रॅम भरायला जाऊ नये. आधी चिपला तिचे नाव विचारावे. बहुतेक चिपांत ३२ अंकांचा ओळखक्रमांक असतो आणि त्याचा शेवटचा अंक नेहमी एक असतो. उत्तरात सगळे शून्य किंवा सगळे एक आले, तर दोष प्रोग्रॅमचा नव्हे; वायर, ग्राउंड किंवा वीजपुरवठा पाहावा. उत्तर दर वेळी वेगळे येत असेल तर वायरी आखूड कराव्यात, ठोक्याचा वेग उतरवावा. ओळख पटली की ओपन-ओ-सी-डी आणि जी.डी.बी. यांसारख्या प्रोग्रॅमांच्या मदतीने प्रोसेसर थांबवता येतो, रजिस्टरे वाचता येतात, एकेक आज्ञा पुढे सरकवता येते. प्रोसेसर थांबला तरी राखणदार टायमर चालूच राहिला तर बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी वायरींवर संशय घेऊ नये. टायमर आधी थोपवावा.

आता पुन्हा ट्युरिंगकडे. हा गणिती हात काळे करायला कधीच लाजला नाही. १९३६ ते १९३८ या प्रिन्स्टनच्या मुक्कामात त्याने पदार्थविज्ञान विभागाच्या कारखान्यात बसून रिले स्वतः बनवले आणि द्विमान गुणाकार करणारे यंत्र जुळवायला घेतले. युद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, तो ब्लेचली पार्कला रुजू झाला. जर्मन एनिग्माच्या कोड्यांवर त्याने आखलेले ‘बॉम्ब’ हे यंत्र १९४० च्या मार्चमध्ये चालू झाले आणि गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने अधिक कामाचे ठरले. संदेशात अमुक शब्द असावा असे धरून चालायचे आणि ज्या मांडणीतून विसंगती निघेल ती फेकून द्यायची, हे त्याचे तत्त्व. यावर इतके लिहिले गेले आहे की मी इथे थांबत नाही.

त्यापेक्षा त्याच्या सायकलची गोष्ट सांगतो. तिची साखळी वरचेवर निसटत असे. दुकानात नेण्याऐवजी तो पायडलचे फेरे मोजू लागला, असे सांगतात. ठराविक फेऱ्यांनंतरच ती निसटते हे लक्षात आल्यावर तो त्या फेऱ्याला पायडल जरा मागे घेऊन साखळी सावरी. पुढे हिशेब करून त्याला कळले की चाकाची एक वाकलेली तार आणि साखळीची एक सदोष कडी समोरासमोर आली की घात होतो. अधूनमधून येणारा दोष कसा पकडावा याचा याहून चांगला धडा मी दिलेला नाही.

१९४३ नंतर हॅन्सलोप पार्क येथे डोनाल्ड बेली या तरुण इंजिनियरबरोबर त्याने ‘डिलायला’ हे बोलणे गुप्त करणारे यंत्र बांधले. ट्युरिंगचे सोल्डरिंग म्हणजे कोळ्याचे जाळे. बेलीने त्याला नीट हात लावायला शिकवले. यंत्र चालले, पण वापरात आले नाही. वापरात आली ती शिकलेली विद्या. १९४५ अखेर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी त्याने ‘एस’ या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा आराखडा लिहिला. तिथला कारभार संथ. कंटाळून तो निघाला, आणि त्या यंत्राची लहान आवृत्ती चालली ती १९५० मध्ये, त्याच्यामागे.

१९४८ च्या शरदात तो मँचेस्टरला आला. तिथे फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांच्या यंत्राने त्याच वर्षी २१ जूनला स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालवला होता. ही स्मृती होती कॅथोड नळीच्या पडद्यावर, विजेच्या ठिपक्यांच्या रूपात. जोडीच्या दुसऱ्या नळीवर तेच ठिपके डोळ्यांना दिसत. यंत्र थांबवावे, एक आज्ञा पुढे सरकवावी आणि कोणता ठिपका बदलला ते पडद्यावर पाहावे! याला त्या काळचे लोक ‘डोकावणे’च म्हणत. केंब्रिजच्या मंडळींना ते पसंत नसे, कारण तेवढा वेळ यंत्र अडून राही. त्यांनी चाललेली प्रत्येक आज्ञा आपोआप छापणारे तपासनीस प्रोग्रॅम रचले. स्टॅन्ली गिलचा १९५१ चा निबंध त्यावरच आहे. आजच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही पंथ सुखाने नांदतात.

ट्युरिंगचा दोषही सांगितला पाहिजे. दुसऱ्याची सोय त्याला सुचत नसे. मँचेस्टरच्या यंत्रासाठी त्याने ३२ चिन्हांची टेलिप्रिंटर लिपी घेतली, आणि ती प्रत्येकाने पाठ करावी अशी त्याची अपेक्षा. शून्याला तिरकी रेघ. त्यामुळे पानेच्या पाने रेघांनी भरत. शिवाय संख्या उलट्या, एकम डावीकडे. जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत मोठे प्रोग्रॅम कसे तपासावेत यावर बोलताना त्याने फळ्यावरही संख्या तशाच उलट मांडल्या, आणि श्रोते बुचकळ्यात पडले.

त्या गोंधळात एक मोलाची गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली. लांबलचक बेरीज तपासायची तर हातचे लिहून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. तसेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने टप्प्याटप्प्यावर, इथे अमुक खरे असलेच पाहिजे, अशी विधाने नोंदवावीत, असे त्याने सुचवले. नुसत्या बेरजांनी क्रमगुणित काढणारा प्रोग्रॅम त्याने उदाहरणाला घेतला, आणि दर फेरीला घटत जाणारी एक राशी दाखवून तो थांबतोच हेही सिद्ध केले. सर्वांसाठी एक रीत नाही हे ज्याने दाखवले, त्यानेच एकेका प्रोग्रॅमपुरती हमी कशी द्यावी हे सांगितले. जेटॅगने प्रोसेसर कुठे थांबवायचा, हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. ज्या जागी काय खरे असले पाहिजे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या जागी. एरवी आत डोकावूनही आकड्यांशिवाय काही दिसत नाही.

१९५१ मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाचा शाळामास्तर मँचेस्टरला आला, तेव्हा ट्युरिंगने त्याला सुचवले की या यंत्राने स्वतःचीच नक्कल करावी असा प्रोग्रॅम लिही, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांची तपासणी पावलापावलाने होईल. स्ट्रेचीने लिहिलाही. १९३६ चे सार्वत्रिक यंत्र पंधरा वर्षांनी चुका शोधण्याच्या कामाला लागले ते असे.

त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पुढच्याच वर्षी एका पुरुषाशी असलेल्या संबंधांवरून त्याच्यावर खटला भरला गेला. तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचे उपचार, यांतले त्याने दुसरे पत्करले. सरकारी गुप्त कामाचे दार बंद झाले. ७ जून १९५४ रोजी विल्म्स्लोच्या घरी सायनाइडने त्याला मृत्यू आला; वय एक्केचाळीस. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ते कधी मानले नाही. तो घरी रसायनांचे प्रयोग करी, चमच्यावर सोन्याचा मुलामा चढवण्यासाठी सायनाइड वापरी, आणि हात नीट धूत नसे, असे तिचे म्हणणे. तो चमचा तिने जपून ठेवला.

ज्या प्रकारच्या संबंधांसाठी त्याला शिक्षा झाली, ते इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये आणि आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर माफी मागितली आणि २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर क्षमा दिली. क्षमा कोणी कोणाला करायची, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. तिच्यावर १९३६ च्या निबंधातला तक्ता आहे आणि छिद्रांऐवजी शून्य-एक छापलेली एक पट्टीही आहे. पट्टीवरचे ते २५ अंक दशमान पद्धतीत मांडले की २३०६१९१२ ही संख्या मिळते, म्हणजे त्याची जन्मतारीख. इथे एकम मात्र उजवीकडेच आहे.