सुरैया : पन्नास वर्षं मनात जपलेलं नाव

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की ट्रॉम्बे, चिता कॅम्पच्या घरांत नानी-दादी आजही सुरैयाचं नाव घेतात. नव्या पोरांना मात्र एवढंच ठाऊक असतं की देव आनंदसाठी ही बाई आयुष्यभर बिनलग्नाची राहिली. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी आपल्या घरांच्या जास्त जवळची आहे, म्हणून आम्ही ती सांगतोय.

सुरैया जमाल शेख यांचा जन्म १५ जून १९२९ चा, पंजाबातला. अम्मी-अब्बांची एकुलती एक मुलगी. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. मामा जहूर सिनेमात खलनायकाची कामं करायचे. त्यांच्यासोबत स्टुडिओत गेलेल्या या मुलीला १९४१ च्या 'ताजमहल'मध्ये छोट्या मुमताजचं काम मिळालं. पुढच्याच वर्षी नौशादसाहेबांनी 'शारदा'मध्ये तिच्याकडून गाऊन घेतलं. वय जेमतेम १३. गाण्याची रीतसर तालीम नाही, पण गळा अल्लाहची देणगी.

'अनमोल घडी', 'प्यार की जीत', 'दिल्लगी', 'बडी बहन' असे सिनेमे येत गेले. विशी ओलांडण्याआधीच त्या हिंदी सिनेमातल्या सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या नायिका झाल्या. मरीन ड्राइव्हवर कृष्ण महल या इमारतीत त्या राहायच्या. त्यांना एकदा पाहता यावं म्हणून खाली लोकांची झुंबड उडायची. घर मात्र नानी बादशाह बेगम यांच्या शब्दावर चालायचं.

१९४८ मध्ये 'विद्या' आला. नायक देव आनंद तेव्हा नवखा होता आणि सुरैयांचं नाव कितीतरी मोठं. एका गाण्याच्या शूटिंगला नाव उलटली, त्या पाण्यात पडल्या आणि देवने त्यांना बाहेर काढलं, हा किस्सा खूप सांगितला जातो. १९५१ पर्यंत दोघांनी सात सिनेमे केले. चिठ्ठ्या झाल्या, अंगठी झाली, लग्नाचंही ठरत आलं.

नानीचा सक्त नकार होता. फाळणी होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि मुलगा हिंदू. भेटीगाठी बंद झाल्या. देवच्या जिवाचं बरंवाईट होईल अशी धमकी घरात दिली गेली, त्या भीतीने आपण मागे हटलो, असं सुरैयांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. देवला वाटलं, हिची हिंमत कमी पडली. तो रागावला, मग स्वतःच्या वाटेने गेला. जानेवारी १९५४ मध्ये त्याने कल्पना कार्तिक यांच्याशी लग्न केलं. तिथून पुढे हे प्रेम एकट्या सुरैयांचं उरलं.

आता नानीला वाईट ठरवणं सोपं आहे. आम्ही ते करणार नाही. दीनचा प्रश्न त्या घरासाठी खरा होता, आजही कित्येक घरांसाठी खरा आहे. पण एक गोष्ट आम्हाला टोचते. ज्या मुलीच्या कमाईवर घर चालत होतं, तिच्याच आयुष्याचा फैसला तिला बाजूला बसवून झाला. समजावणं वेगळं आणि धमकावणं वेगळं. निकाहात मुलीची कबुली लागते, हे आपण सगळे जाणतो. सुरैयांनी घराशी भांडण केलं नाही, घर सोडलं नाही. मात्र दुसऱ्या कुणासाठीही त्यांनी कधी 'कबूल' म्हटलं नाही. त्यांच्या हातात तेवढंच होतं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

त्याच १९५४ साली सोहराब मोदींचा 'मिर्झा गालिब' आला. शायरावर जीव टाकणाऱ्या, पण त्याची होऊ न शकणाऱ्या बाईचं काम सुरैयांनी केलं आणि गालिबच्या गझला गायल्या. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. खुद्द पंडित नेहरूंनी त्यांच्या गाण्याची तारीफ केली.

१९६३ मध्ये 'रुस्तम सोहराब' झाला आणि त्या थांबल्या. वय फक्त ३४. त्याच वर्षी अब्बा गेले. पुढची चोवीस वर्षं त्या आणि अम्मी, अशा दोघीच. १९८७ मध्ये अम्मीही गेल्या आणि कृष्ण महलमध्ये त्या एकट्या राहिल्या. म्हातारपणीही नीट सजून, दागिने घालून राहायच्या. लोकांनी आपल्याला बिचारी म्हणावं, असं त्या वागल्या नाहीत.

३१ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. देवच्या लग्नाला त्या महिन्यात पन्नास वर्षं झाली होती. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांना दफन केलं. देव आनंद जनाजाला आला नाही. २००७ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात मात्र त्याने या पहिल्या प्रेमाबद्दल मन मोकळं करून लिहिलं. ते वाचायला सुरैया नव्हत्या.

आपल्या वस्तीतही अशा खाला, फुफी आहेत. त्यांनी कमावून भावंडांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि स्वतः तशाच राहिल्या. त्यांचं लग्न का झालं नाही, यावर मोहल्ल्यात कुजबूज पुष्कळ होते. तुला काय हवं होतं, असं त्यांना कुणी शेजारी बसून विचारलेलं क्वचितच ऐकू येतं. येत्या ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा घेऊन जाल, तेव्हा दोन घटका जास्त बसा आणि विचारा. आणि घरात जी मुलगी आज कमावतेय, तिला त्यांच्या वयाची होईपर्यंत थांबवू नका. तिला आत्ताच विचारा.

अल्लाह सुरैयांची मगफिरत करो. आमीन.