‘लेस्बियन’ हा शब्द आला कुठून? वाचा बेटावरच्या कवयित्रीची गोष्ट

मालवणचा तो मालवणी. त्याच न्यायाने लेस्बॉस बेटावरचा माणूस लेस्बियन, मग तो मच्छीमार असो की मास्तर. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या या ग्रीक बेटाचं नाव स्त्रियांच्या समलैंगिकतेशी जोडलं गेलं ते सॅफो या कवयित्रीमुळे.

कोण होती सॅफो?
इसवी सनापूर्वी ६३०च्या सुमारास सधन घराण्यात तिचा जन्म झाला. बेटावरच्या सत्तासंघर्षामुळे तिला काही काळ सिसिलीत परागंदा व्हावं लागलं, असे उल्लेख आहेत. लायर या तंतुवाद्याच्या साथीने गायच्या कविता ती रचायची. बाईला बाईविषयी वाटणारी ओढ, विरह, मत्सर त्यांत उघडपणे आला. त्यासाठी तिला कुणी वाळीत टाकलं नाही. उलट पुढे मायटिलिनी शहराने नाण्यांवर तिची छबी घेतली.

तिच्या कविता कुठे गेल्या?
बहुतेक काळाच्या ओघात हरवल्या. आज साधारण ६५० ओळी उरल्या आहेत. पूर्ण कविता जेमतेम एक. बरेच तुकडे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत, पपायरसवर मिळाले. फेऑन नावाच्या नावाड्यासाठी तिने कड्यावरून उडी घेतली, ही कथा मात्र दंतकथाच मानली जाते.

शब्दाचा अर्थ कधी बदलला?
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा युरोपातल्या वैद्यकीय लिखाणात तो विकृतीचं नाव म्हणून आला. १९७०च्या दशकात स्त्रियांच्या चळवळींनी तोच शब्द अभिमानाने स्वतःसाठी घेतला. २००८मध्ये लेस्बॉसच्या तिघांनी या वापराविरुद्ध अथेन्सच्या न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली.

आपल्याकडे काय?
विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने १९८१मध्ये हा विषय मराठी रंगभूमीवर आणला. १९९५मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. १९९९मध्ये कोलकात्यातल्या गटाने तर ‘सॅफो’ हेच नाव घेतलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

तरीही ‘समलैंगिक’ हा शब्द अजून बातमीत आणि निकालपत्रातच जास्त दिसतो. घरात, वाडीत अशा दोघींना ‘मैत्रिणी’ म्हणून विषय संपवला जातो. ज्या नात्याला घरात नाव नाही, त्याबद्दल घरात बोलायचं तरी कसं, हा प्रश्न त्या दोघींपुढे उरतोच.