परक्या मुलाची माय

दत्तकाची प्रथा आपल्या समाजाला नवी नाही. परंतु ती मुलाच्या गरजेतून नव्हे, तर घराण्याच्या गरजेतून निर्माण झाली. वंश चालावा, जमीन घरात राहावी, म्हणून भाऊबंदांतला मुलगा घेतला जाई. मुलाला घर मिळावे म्हणून मूल घेणे ही निराळी गोष्ट होय. सावित्रीबाई फुले यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० मध्ये त्या फुल्यांच्या घरी आल्या. जोतीराव बालपणीच आईला पारखे झाले होते. सगुणाबाई क्षीरसागर या विधवा नातलगाने त्यांना वाढविले होते. संगोपनाचे ऋण त्या घरात असे आधीपासूनच होते. १८४८ च्या मुलींच्या शाळेची कथा सर्वश्रुत आहे. मात्र १८६३ मध्ये या दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्याचा उल्लेख ओझरताच होतो. लोकलज्जेपोटी अर्भकाचा किंवा स्वतःचा जीव घेऊ पाहणाऱ्या विधवांची बाळंतपणे तेथे गुप्तपणे होत. मागे राहिलेल्या मुलांना सावित्रीबाई सांभाळीत. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ना भाऊबंदकी, ना जात. निकष एकच, मुलाची निराधारता. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांच्या अन्नाची सोय या दांपत्याने केली. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला. त्याच साथीने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

राज्याच्या बालसंगोपन योजनेस २०२३ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले आणि मासिक अनुदान १,१०० वरून २,२५० रुपये झाले. दिवसाचा हिशेब पडतो ७५ रुपये. यावलसारख्या तालुक्यात, केळीच्या बागेतील मजुरीवर चालणाऱ्या घरात, आईबाप गमावलेले नातवंड सांभाळणाऱ्या आजीला ही रक्कम तुटपुंजी खरी, पण निरर्थक नव्हे. तथापि ती आपोआप दारी येत नाही. अर्ज, दाखले, बालकल्याण समितीचा आदेश, ही वाट निरक्षर आजीला एकटीने चालवत नाही.

वर्गातले कोणते मूल पोरके झाले, हे शिक्षकाला प्रथम कळते. कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे कारकुनाला ठाऊक असते. सर्वांनाच परक्या मुलाला घरी आणणे शक्य नसेल. परंतु ज्या घराने ते आणले आहे, त्या घराचा अर्ज भरून देणे कोणास अशक्य आहे? सावित्रीबाईंची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. तिचा खरा हिशेब हारांत नव्हे, अशा अर्जांत मांडला जावा.