आधी झाडू, मग कीर्तन : गाडगेबाबांचं बोलणं लोकांना का पटायचं?

गावात पुढारी येतो, माइक लागतो, टाळ्या पडतात अन् दुसऱ्या दिवशी गाव होतं तसंच राहतं. संत गाडगेबाबांच्या कीर्तनाला मात्र लोक कोसावरून चालत यायचे अन् जाताना डोक्यात काहीतरी घेऊन जायचे. ते शाळेत कधी गेले नव्हते. तरी त्यांचं बोलणं पटायचं, ते कशामुळं?

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घरातला. दारूपायी वडील लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी तिथं गुरं राखत, शेती करत मोठा झाला. पुढं मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. दारू, कर्ज अन् अंगठा, या तिन्हीनं घर कसं बुडतं हे त्यांनी घरातच पाहिलं. म्हणून त्यावर ते बोलायचे तेव्हा ऐकणाऱ्याला ते आपल्याच घरचं वाटायचं.

मुलीच्या बारशाला मटण-दारूचं जेवण घालायची रीत होती. डेबूजीनं गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत. लोकांना सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच्या घरी करून दाखवलं.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात झाडू अन् मातीचं गाडगं. गावात आले की आधी रस्ते झाडायचे, भाकरी खायची तीही काम करूनच. कीर्तन संध्याकाळी. दिवसभर आपल्या गावची घाण उचलणारा माणूस रात्री स्वच्छतेवर बोलला, तर त्याला तोंडावर कोण नाही म्हणणार?

कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे. बोली अस्सल वऱ्हाडी. देवळातला देव दिव्याशिवाय दिसतो का, मग मोठं कोण, असं विचारायचे. कर्ज काढून लग्न-तेरवी करावी का, असंही विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतः चारचौघांत कबूल केलेलं विसरत नाही. ताटं मोडावी लागली तरी चालेल पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचं सांगणं असायचं.

कीर्तनातून लोक पैसे द्यायचे. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यांनी त्यातलं काही घेतलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला दिली. त्यामुळं दिलेला पैसा जातो कुठं, ही शंका लोकांच्या मनात उरली नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबा गेले. १९७७ मध्ये त्यांच्यावर 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला, डॉ. श्रीराम लागूंनी बाबांचं काम केलं. त्यामुळं ज्यांनी कीर्तन ऐकलं नाही त्यांनाही बाबा कळले. पुढं सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं.

आज मोबाइलवर उपदेशाचे व्हिडिओ दिवसभर येतात. ते पुढं पाठवायच्या आधी बाबांची कसोटी लावून पाहावी : सांगणाऱ्यानं स्वतः काय केलं, अन् त्यात त्याचा फायदा किती?