साखरेच्या पाण्यातील शोध

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या नगरात झाला. झुरिक येथील त्यांचे शिक्षण १९०० साली पुरे झाले. परंतु त्यांस कोणत्याही महाविद्यालयात जागा मिळेना. शिकवण्या करून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अखेर १९०२ साली बर्न येथील पेटंट कचेरीत त्यांस नोकरी लाभली. दिवसभर इतरांच्या शोधांचे अर्ज तपासावयाचे आणि उरलेल्या वेळी स्वतःचे चिंतन करावयाचे, असा त्यांचा क्रम असे.

अणू व रेणू खरोखरच आहेत की ती केवळ कल्पना आहे, याविषयी त्या काळी थोर शास्त्रज्ञांतही मतभेद होते. आइन्स्टाइन यांनी साखरेच्या पाण्याचा विचार केला. पाण्यात टाकलेला साखरेचा खडा ढवळला नाही, तरी त्याची गोडी हळूहळू सर्वत्र पसरते. यास विसरण म्हणतात. काकवी पाण्याइतकी सहज वाहत नाही. द्रवाच्या या गुणास श्यानता म्हणतात. श्यानता जितकी अधिक आणि विरघळलेला रेणू जितका मोठा, तितके विसरण मंद, हे नाते त्यांनी १९०५ साली गणिताने मांडले. त्यामुळे डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूचे आकारमान काढता आले. या प्रबंधाबद्दल झुरिक विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली.

पुढे पॅरिस येथे झाँ पेराँ यांच्या प्रयोगशाळेत घेतलेली मापे प्रबंधातील श्यानतेच्या एका सूत्राशी जुळेनात. आइन्स्टाइन तोवर प्राध्यापक झाले होते. तथापि मानापमानाचा विचार न करता त्यांनी लुडविग हॉप्फ या तरुण सहकाऱ्याकडून सारे गणित तपासून घेतले आणि सापडलेली चूक १९११ साली जाहीरपणे दुरुस्त केली. विसरणाचे नाते मात्र अबाधित राहिले.

१८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. पण त्या नात्याची परीक्षा थांबली नाही. अत्यंत स्वच्छ पाणी जपून थंड केले, तर ते शून्य अंशाखालीही न गोठता द्रवरूप राहते. त्यास अतिशीत पाणी म्हणतात. २०१५ साली फ्रान्समधील लिआँ येथील शास्त्रज्ञांनी अशा पाण्यात सूक्ष्म गोळ्या सोडल्या. त्यांच्या हालचालीवरून, आइन्स्टाइन यांच्याच सूत्राच्या आधारे, शून्याखाली सुमारे ३४ अंशांपर्यंत पाण्याची श्यानता मोजली. ती थंडीबरोबर झपाट्याने वाढत गेली. परंतु पाण्याच्या स्वतःच्या रेणूंचे विसरण तितक्या प्रमाणात मंदावत नाही, असे दिसून आले. मोठ्या कणांस लागू पडणारे सूत्र त्या इवल्या रेणूंस अपुरे पडले.

आपले गणित दुसऱ्याकडून तपासून घेण्यात ज्यांनी कमीपणा मानला नाही, त्यांचे कार्य पुढील पिढ्यांनीही असेच तपासून पाहावे, हे योग्यच होय.